भिंगरीची खोली

३ सप्टेंबर
पुन्हा तेच गाणं! पत्रकार मुलगी आली होती. सिनेमातल्या थकल्याभागल्यांसाठी मी काढलेला निवारा बघायचा म्हणे. बघितलं मलाच. "ताई, त्या गाण्यातली एक गिरकी घ्या ना!" बेचाळीस वर्षं त्याच नाचावर जगतेय मी. गुडघ्यांचं निमित्त सांगितलं. मागे भिंगरी फिसकन हसली. जुनी समूहनर्तकी, सात वर्षं इथेच राहते. माझ्या अंगाची लाही लाही झाली. खाई त्याला खवखवे, दुसरं काय!

५ सप्टेंबर
सहा वर्षांनी काम मिळालंय — खाष्ट सासू. परवाच मोठा प्रसंग. निवाऱ्याच्या ऑफिसात दार लोटून पाठांतराला बसले. राग काही येईना. मग नेहमीचा उपाय — खरं माणूस डोळ्यांपुढे आणायचं आणि तोंड सोडायचं. कोण, ते इथेही लिहिणार नाही. "उद्या सकाळी या घरात तुझं नखही दिसता कामा नये!" — जमलं! माझी मीच दचकले.

६ सप्टेंबर
भिंगरी गेली! खोली झाडलेली, चादरीची घडी, उशीवर किल्ली. स्वयंपाकीणबाई म्हणाली, "ताई, काल कुणावर ओरडत होतात? ती दाराशीच उभी होती."
अगं, संवाद होते ते! जन्म सेटवर काढलेल्या बाईला एवढं कळू नये?
स्टेशन, दवाखाने, पोलीस चौकी — कुठेच नाही. रक्तदाबाच्या गोळ्या कपाटातच राहिल्यात. उद्या शूटिंग. जाऊन काय दिवे लावणार मी?

७ सप्टेंबर
एका टेकमध्ये ओके. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

८ सप्टेंबर
सापडली. भाचीकडे, जिन्याखालच्या अंथरुणावर. पाय सुजून टम्म. गोळ्या हातात दिल्या, म्हटलं, "वेडाबाई, पाठांतर चाललं होतं माझं!"
"ते कळलं होतं. पण ताई, त्यात माझं नाव कशाला आलं?"
घरी चल म्हटलं. तिने मान हलवली — नाही.

९ सप्टेंबर
दोनदा फोन उचलून ठेवला. तिसऱ्यांदा लावला. पत्रकार मुलीला म्हटलं, लिहून घे — त्या गाण्यात चेहरा तेवढा माझा. पाय भिंगरीचे.