माझं पोट आणि एन्झियानचं मूळ

८ सप्टेंबर
देव पावला! गावजत्रेत चिठ्ठ्या काढल्या, त्यात माझं नाव! यंदा डोंगरावर एन्झियान या रानफुलाची मुळं खणायचा हक्क माझा. बाकीच्यांनी बसावं बोटं मोडत. मुळं आंबवायची, गाळायची, की श्नाप्स तयार. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, माझ्या बायकोने, नोटबुर्गाने, नाही. ईस्टरला तिला शब्द दिलाय, दारूचा थेंब घेणार नाही. घेतला तर ती लांडेकला बहिणीकडे जाणार, कायमची. शब्द म्हणजे शब्द. पण ही दारू नाहीच. औषध आहे.

संध्याकाळी
तिला समजावलं. पोट, भूक, ताप, सगळ्यावर हेच मूळ. आजोबा रोज घ्यायचे, नव्वदी गाठली. ती म्हणाली, हो, आणि गोठ्याच्या माळ्यावरून पडले तेही औषध घेऊनच. नको ते बरोबर लक्षात ठेवते.

२९ सप्टेंबर
खणून खणून कंबरडं मोडलं. आजारी माणसाला किती हा त्रास! (आजार अजून सुरू व्हायचाय.)

१४ ऑक्टोबर
पिंपात मुळं फसफसतायत. आजपासून पोटदुखी सुरू केली. जेवताना कण्हलो. मटणाला हात लावला नाही. म्हणजे दुसऱ्यांदा वाढलं तेव्हा.

१५ ऑक्टोबर
घात झाला. नोटबुर्गाने थोडी मुळं आधीच वाळवून ठेवली होती. आज पाण्यात उकळून काढा दिला. म्हणाली, हे श्नाप्सपेक्षा जुनं औषध, आता रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचं. कडूजहर! तोंड अजून सरळ होत नाहीये. पण श्नाप्स होईपर्यंत आजार टिकवणारच.

२ नोव्हेंबर
काढा. भूक इतकी खवळते की कण्हायला फुरसत नाही. पँट बसेना. चर्चमध्ये फादरनी माझ्या पोटासाठी प्रार्थना केली. असू दे.

२३ नोव्हेंबर
गाळून झाली! अख्खं गाव भट्टीवर, घोटघोट चाखतंय. तो वास! रडूच आलं. ग्लास पुढे केला, तर नोटबुर्गाने त्यात थर्मासमधला काढा ओतला. सगळे म्हणाले, कास्सियान, बायको मिळावी तर अशी.

२४ नोव्हेंबर, सकाळी
बस्स झालं. नवा प्लॅन: बरा झालो. दुखण्यातून उठलेल्याने ताकदीसाठी रोज छोटा पेला घ्यावा, असं जुने लोक म्हणतातच. म्हणत असणार.

दुपारी
जाहीर केलं. नोटबुर्गाने चक्क मिठी मारली. म्हणाली, बरं झालं बाई, आता तुला औषध नको. आपली गाय श्टेर्न कालपासून रवंथ करत नाहीये, एक बाटली श्नाप्स तिला देऊ. उरलेल्या बाटल्या कपाटात, किल्ली नोटबुर्गाच्या आईकडे.

गाईचं तोंड मीच धरलं. नोटबुर्गाने बाटली तिरपी केली. श्टेर्न मिटक्या मारत प्यायली. थोडी माझ्या मनगटावर सांडली. नोटबुर्गाची पाठ वळल्यावर मनगट चाटलं. अर्धी गाईची लाळच होती. त्याला काही दारू म्हणत नाहीत.