बाबाच्या तोंडचं पाणी

अड्याळ,
५ एप्रिल २०२६

प्रिय रत्नमालाताईस,
धाकट्या विनोदचा सप्रेम जयभीम. वि. वि. पत्र पाहून हसू नको. माझा मोबाईल मीच विहिरीत फेकला. तृप्तीनं दोन दिवस उत्तर दिलं नाही म्हणून. तिसऱ्या दिवशी ती बसस्टँडवर भेटली, तं म्हणे रिचार्ज संपला होता. बाबाच्या फोनवरून लिहिलं असतं तं त्यानं वाचलं असतं, अन् गोष्ट त्याचीच आहे.

तू नर्स, म्हणून तुझ्या शब्दावर बाबा नागपूरच्या डॉक्टरांची ते आठवड्याची सुई घेऊन राहिला. शुगर उतरली, पोट उतरलं, कबूल. पण भुकेसोबत हौसही गेली. मायनं लाखोरीच्या डाळीचे वडे केले तं अर्धा खाते अन् बस म्हणते. तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी खिशातच वाळून राहिली. तू म्हणशील, चांगलंच झालं. पण बाबाच्या धंद्याचं, लग्नाच्या स्वयंपाकाचं काय? बाबा भाजी कधी चाखत नाही, तुले ठाऊक आहे. चुलीवरच्या मोठ्या गंजाच्या वाफेत उभा राहते. तोंडाले पाणी सुटलं की मीठ-मसाला बरोबर, मंग खालचा जाळ बाहेर ओढते. आता पाणीच सुटत नाही. साकोलीच्या साखरपुड्यात वाट पाहत गेला अन् मीठ टाकत गेला. आलू-वांग्याची भाजी लोकांनी ताटातच सोडली.

अन् २६ तारखेला अपेक्षाचं लग्न आहे. तृप्तीची सख्खी बहीण. स्वयंपाक बाबाकडेच. तिथं भाजी बिघडली तं मी तृप्तीसमोर कोणत्या तोंडानं जाऊ? बाबा म्हणते, सुई सोडतो. मी म्हणतो, सोडच. नाही तं फ्रिजमधलं ते औषध मीच मोबाईलच्या मागं विहिरीत टाकतो.

रागावलो असलो तरी भाऊ तुझाच. माया कमी करू नको.
तुझा, विनोद

नागपूर,
११ एप्रिल २०२६

चि. विनोदास,
ताईचा जयभीम आणि आशीर्वाद. सर एक शब्द बोलले म्हणून तू कॉलेज अर्ध्यावर टाकलंस, मग मोबाईल टाकला, आता औषध टाकतोस. विहिरीत पाण्याले जागा ठेव रे बाबू.

नीट वाच. जेवल्यावर आतड्यांतून मेंदूले निरोप जातो की भरलं. ही सुई तोच निरोप देते आणि तो लवकर विरू देत नाही. पोटही हळू रिकामं होतं. पण मेंदूत आणखी एक जागा आहे. नुसता वास आला, आठवण झाली, की पाहिजे-पाहिजे म्हणून ओढणारी. या औषधानं तीही शांत होते, असं दिसतं; अभ्यास अजून सुरू आहेत. बाबांचा खर्रा बहुतेक त्यामुळेच सुटला. तोंडाले पाणी सुटणं हे त्या ओढीचंच काम. जीभ जागेवर आहे, ओढ तेवढी निवली.

मागच्या पावसाळ्यात बाबांच्या पायाच्या अंगठ्याची जखम भरत नव्हती, ते विसरलास? मी ड्रेसिंग करत होते आणि तू दाराबाहेर डोळे मिटून उभा होतास. शुगर उतरली म्हणून तो अंगठा वाचला. डॉक्टरांले विचारल्याशिवाय सुई सोडायची नाही. भाजीसाठी भूक लागलेला माणूस शोध आणि त्याले चाखायले लाव. तूच चाख.

आणि हो, तुझ्या डोक्यातली ती पाहिजे-पाहिजेवाली जागा तृप्तीच्या नावानं ओरडते, तिच्यावर सुई अजून निघालेली नाही. निघाली तर पहिली तुलेच टोचीन.

मायची काळजी घे. रागावलास तरी लिहीत राहा.
तुझी ताई

अड्याळ,
२८ एप्रिल २०२६

प्रिय ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि. परवा लग्न पार पडलं. तू सांगितलं तसं मी चाखलं. पण तृप्ती निळ्या साडीत पाहुण्यांले पाणी देत फिरत होती, अन् त्या नादात सकाळपासून माझ्या पोटात अन्नाचा कण नव्हता. तेव्हा मले कोणी माती दिली असती तं तेही गोड म्हटलं असतं. मी म्हटलं, एकदम बरोबर आहे. बाबानं माझी नजर कुठं आहे ते पाहिलं अन् म्हणे, याचंही पाणी आटलं.

वरात दारात आली होती. बाबा झारा धरून नुसता उभा. मंग त्याची नजर मायवर गेली. ते लसणाच्या टोपल्यापाशी बसली होती. तुले माहीतच आहे, माय दर लग्नात सोबत जाते, चिरते, निवडते, अन् सगळे उठल्यावर गंजाच्या तळाशी उरलेलं खाते.

बाबा तिच्यापुढं उकिडवा बसला अन् म्हणे, "वच्छला, तुले तं भूक लागते ना? सांग मंग."

तिच्या तळहातावर त्यानं फुंकून थोडी भाजी ओतली. माय लाजली, इकडंतिकडं पाहिलं, डोळे मिटून चाटली.

"मीठ राहू द्या. टमाटर टाका थोडे, अन् जाळ ओढा." मंग हात पुन्हा पुढं केला. कोणी म्हटलं नव्हतं तरी. म्हणे, "इतके वर्षं तळाचीच खाल्ली. वरची अशी लागते, आज कळलं."

बाबा उठला. टमाटर टाकले, जाळ ओढला, वरून सांबाराचा हिरवा पाला चिरून भुरभुरवला. पहिलं ताट वरपक्षाले नाही गेलं, ताई. मायले गेलं. कांद्याच्या पोत्यावर बसवलं तिले. स्वतः दोन घास खाऊन बाबाचं पोट भरलं, पण तिचं जेवण होईपर्यंत तिच्या बाजूहून उठला नाही.

भाजीचे गंज पुसून निघाले. तृप्ती डब्बा घेऊन आली होती, तिच्यापुरतीही उरली नाही. म्हणे, रिचार्ज केला आहे, पण लावू कुठं, विहिरीत?

सुई फ्रिजमध्येच आहे. रविवारी बाबाले आठवण मीच देतो. अन् मायचा निरोप आहे, जसाचा तसा लिहितो: रत्नाले म्हणा, ते सुई मले कधी लावू नको, माही भूक आत्ताच तं उघडली.

सगळ्यांवर अशीच माया ठेव.
तुझा, विनोद