काळ्या चौकटीची पिशवी

बुधवार, २८ मे

माझी शेजारीण स्पास्का जिवंत आहे. खात्री तिनेच करून दिली. संध्याकाळी इमारतीच्या दारात उभी, हातात प्रवासाची बॅग, आणि समोर दारावर, कोणी गेलं की आमच्याकडे फोटोसह चिकटवतात तसा, स्वतःच्याच निधनाचा कागद!

मी जिन्यात होते. तिने कागद शेवटपर्यंत वाचला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "'सदैव हसतमुख'? हे कोणी लिहिलं?"

आमच्या इमारतीचा कारभार बघणारा कुंचो धावत आला. त्याने कागद ओरबाडून काढला. "अगं बये, तू!"

"मग कोण, माझी आजी?"

कुंचोने वर बोट केलं. माझ्या गॅलरीकडे. तिथे दोरीवर पिशवी वाळत होती. पिशवीवर स्पास्काचा चेहरा, खाली नाव, भोवती काळी चौकट.

घोळ सगळा माझाच. लिहून टाकते, नाहीतर झोप यायची नाही.

उद्या स्पासोवदेन, तिच्या नावाचा सण. भेट घरी केलेली द्यावी असं मनात आलं. जुने कपडे वजनावर विकतात त्या दुकानातून जाड सुती पिशवी आणली. पिशवी उत्तम, पण तिच्यावर कुठल्याशा सिमेंटची जाहिरात. ती झाकायला फोटोचा ठसा उतरवायचं ठरवलं. स्पास्का आठवडाभर गावी, मावसबहीण गिनाकडे. तिच्या कुंड्यांना पाणी घालायला किल्ली माझ्याकडेच. तिच्या कपाटाच्या खणात अगदी वर, पाकिटात एकच फोटो होता. केस नीट बसवलेले, कॉलरवर ब्रोच. न विचारता उचलला. हा एकटाच वेगळा का ठेवलाय, असं मनातही आलं नाही. तीस वर्षं लोकांना प्रश्न विचारून पोट भरलं मी!

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून काळी-पांढरी प्रत मोठी करून घेतली. कापडावर गोंद, त्यावर प्रत पालथी, रात्रभर वजनाखाली. सकाळी ओल्या बोटांनी कागद चोळत बसले. लगदा सुटत जातो आणि खालून डोळा येतो, नाक येतं. किती आनंद झाला होता! कडा मात्र फाटक्या आल्या. त्या झाकायला काळ्या रंगाची सरळ पट्टी ओढली चारी बाजूंनी. खाली ठशांनी नाव.

वर्तमानपत्रात निधनवार्तांभोवती असल्या चौकटी मी शेकड्यांनी आखल्या. आणि दिसलं नाही.

दोरीवर टांगून दातांच्या डॉक्टरकडे गेले. स्पास्काचा फोन तर तीन दिवस बंदच होता. कुंचोने खालून पिशवी पाहिली, आणि मी परतेपर्यंत आमच्या दारावर, बसथांब्यावर, बेकरीवर कागद लागले होते.

"मला विचारायचं तरी," मी म्हटलं.

"काय विचारायचं? तू टांगलंस म्हणजे पक्कं. तू पेपरातली ना!"

गुरुवार, २९ मे

नावाच्या सणाला आमंत्रण नसतं, दार उघडं ठेवायचं. आज अर्धे लोक सणाला आले, अर्धे सांत्वनाला. कोण कशाला आलंय ते फुलं मोजूनच कळत होतं.

गायनमंडळातली दाफिना कार्नेशनची सहा पांढरी फुलं घेऊन आली. दारात स्पास्काला पाहून पांढरी पडली. मग एक फूल उपटून माझ्या हातात कोंबलं. "धर गं! मेलेल्याला जोडीनं देतात, हिला पाच पुरेत."

गिना गावाहून आली ती मेलेल्याच्या नावानं वाटतात त्या उकडलेल्या गव्हाचं पातेलं घेऊन. वर पिठीसाखरेचा क्रॉस. मी तिची माफी मागायला गेले. म्हटलं, तुमच्याकडे आठवडाभर राहून आली आणि इकडे मी हा घोळ घातला —

"माझ्याकडे? माझ्याकडे ती नाताळानंतर फिरकलेली नाही!"

"गिना," स्पास्का टेबलापलीकडून म्हणाली, "पातेलं ठेव आणि चमचे आण. गहू चांगला दिसतोय."

आणि खाल्ला की तिने! स्वतःच्या नावाचा, सगळ्यांसमोर. "साखर कमी पडली. मी मेले तरी गिनाची कंजुषी जात नाही." लोक हसून लोळले. मीही हसले. कुंचो म्हणाला, खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं.

सगळे गेल्यावर भांडी घासायला मी मागे राहिले. तिने माझ्या हातातला फडका काढून घेतला.

"खण तू उघडलास?"

"हो."

"जा आता, नेदा."

शुक्रवार, ३० मे

तिने दार उघडलं नाही. आत रेडिओ चालू होता.

शनिवार, ३१ मे

कुंचो अंगणात भेटला. त्याचं तोंडही उतरलेलं. मी म्हटलं, एका फोटोवरून माणूस इतकं चिडतं का?

त्याने चप्पल मातीत घासली. मग म्हणाला, "तो फोटो साधा नाही गं. निधनाच्या कागदासाठी काढून घेतलेला. एक प्रत हिवाळ्यातच मला दिली होती. म्हणाली, वेळ आली तर हाच लाव, ओळखपत्रावरचा लावलास तर उठून येईन."

हसू आलं नाही.

"ती गावाला नव्हती. सोफियाला होती, इस्पितळात. तपासण्यांना. म्हणून तर फोन बंद. मला माहीत होतं, आणि वर तोच फोटो दिसला, चौकटीत... मी दुसरं काय समजणार होतो?"

"आणि मला का नाही सांगितलं?"

"राहू दे ना."

"कुंचो!"

"म्हणाली, नेदा जिवाला जीव देईल, पण तिच्या पोटात बातमी राहत नाही. संध्याकाळपर्यंत बेकरीवाला विचारेल, गाठ केवढी आहे म्हणून."

एकाच भिंतीच्या दोन बाजूंना आम्ही अर्धं आयुष्य काढलं. तिच्या खोकल्यावरून मी हवा ओळखते. आणि हे कुंचोला माहीत, मला नाही! राग यायला हवा होता. आला नाही. कारण ती म्हणाली ते खरं आहे. मी सांगितलं असतं. काळजीनेच, डोळ्यांत पाणी आणून, पण सांगितलं असतंच. बेकरीवाल्यालाच आधी.

इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती.

रविवार, १ जून

काळी पट्टी साबणाने, स्पिरिटने घासली. चेहरा पुसट व्हायला लागला, पट्टी ढिम्म. थांबले. पिशवी तशीच तिच्या दाराच्या कडीला अडकवून आले. फोटो आत ठेवला.

बेकरीत दाफिनाने विचारलं, "स्पास्का कशी आहे? गिना काहीतरी म्हणत होती..." शब्द अगदी जिभेच्या टोकाशी आले होते. म्हटलं, "ठीक आहे," आणि पाव घेतल्याशिवायच बाहेर पडले.

सोमवार, २ जून

पिशवी कडीवर नाही. तिने घेतली, की जिना झाडताना कुंचोने उचलली, कळायला मार्ग नाही. विचारलं नाही.

मंगळवार, ३ जून

स्पास्का आली. खांद्याला पिशवी, पिशवीत झोपायचा गाऊन आणि सपाता. "नाक बरं आलंय," एवढंच म्हणाली. मी माफी मागायला लागले तर, "पुरे. कॉफी कर."

उद्या दुपारच्या गाडीने सोफिया, आम्ही दोघी. शस्त्रक्रिया गुरुवारी सकाळी. संपल्यावर डॉक्टर बाहेर येऊन एकाच माणसाला सांगतात — त्या माणसाचं नाव आधी द्यावं लागतं. तिने माझं दिलंय.