दुचाकीसुद्धा

दि. ९ ऑक्टोबर

प्रिय वीतभर,

अनेक आशीर्वाद. दोन राज्यांच्या साहेबांना एका टेबलावर बसवणाऱ्या बाईला अशी हाक मारू नये हे मला कळतं. पण पाच वर्षांची असताना तू घरातली प्रत्येक वस्तू आपल्या वितीने मोजायचीस आणि भिंतीवर आकडे लिहून ठेवायचीस, तेव्हा हे नाव मीच पाडलं होतं. आता ते मागे घ्यायला फार उशीर झाला.

आम्ही सगळे बरे आहोत. आईला नवा चष्मा मिळालाय आणि इतकी वर्षं न दिसलेली धूळ तिला दिसायला लागलीय, त्यामुळे तुझ्या वहिनीची रोज झाडाझडती चालू आहे. मी या महिनाअखेर निवृत्त होतोय. वहिनी म्हणते, बहिणीला पत्र कसलं लिहिता, सरळ फोन करा. पण फोनवर मी दोन मिनिटांत हवापाण्यावर येतो आणि तूही मला येऊ देतेस. तीन वर्षं आपलं असंच चाललंय. कागदावर मला पळता येत नाही, निदान लोक तसं म्हणतात.

मेहुण्यांकडून कळलं की सीमेवरचे उरलेले चारही नाके आपल्या नाक्यासारखे एकत्र करायचे ठरलंय आणि त्या कामाच्या प्रमुखपदासाठी तू अर्ज केलायस. निवड वीस तारखेला. तुझ्या फायलीतली ती जुनी नोंद आडवी येईल असंही ते म्हणाले. ‘यांच्या देखरेखीखालील वजनकाट्याच्या नोंदी भरवशाच्या नाहीत.’ शब्द न् शब्द मला पाठ आहे. तिच्याबद्दल लिहायचंय. पण आधी नाक्याची खबर देतो, कारण तुला उद्घाटनाला कोणी बोलावलं नाही आणि तू अजून तो चालू असलेला पाहिलेला नाहीस.

आठवतं ना, आधी काय तमाशा होता. आमचा नाका, मग चारशे पावलं रस्ता, मग पलीकडच्या राज्याचा, तुमचा नाका. इथे ट्रक वजनाला चढवायचा, कागद तपासायचे, शिक्का मारायचा. आणि तिथे तोच ट्रक, तेच कागद, पुन्हा पहिल्यापासून. तुमचा शिक्का आम्ही मानत नव्हतो, आमचा तुम्ही. चारशे पावलांच्या प्रवासात ट्रकमधला माल वाढतो की काय अशी शंका दोन सरकारांना कायमची यायची. रांग टेकडीच्या वळणापर्यंत जायची. ड्रायव्हर ट्रकखाली सतरंजी टाकून झोपायचे आणि रांग सरकली की मागचा पुढच्याला हॉर्नने उठवायचा. मी वीस वर्षं ते पाहिलं आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. रांग म्हणजे काम चोख चाललंय, असं मी समजायचो.

आता एकच काटा, एकच शिक्का. तुमच्याकडचा एक आणि आमच्याकडचा एक असे दोघे शेजारी बसतात, कागद एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातो, आणि ट्रक वीस मिनिटांत पुढे. आमचा फॉर्म एकेचाळीस रकान्यांचा, तुमचा सदतीस. तू ड्रायव्हरांबरोबर त्यांच्या सतरंजीवर बसून विचारलंस की यातलं खरं लागतं काय, आणि बारा रकाने ठेवलेस. त्या बारांवर मी तेरा हरकती घेतल्या होत्या. तुमच्या ऑफिसात मला हरकतराव म्हणतात हे मला ठाऊक आहे. चार महिने तो फॉर्म हाताळतोय. तेरावा रकाना कुणालाही आठवलेला नाही, मलाही नाही.

ते टेबलही अजून तेच आहे. दोन राज्यांनी आपापलं टेबल पाठवलं आणि आमचं दोन बोटं उंच निघालं. त्यावर दोन बैठका झाल्या, कारण कुणी कुणाचे पाय कापायचे हा मानाचा प्रश्न होता. तू काही न बोलता खाली वाकलीस, तुमच्या टेबलाच्या पायांखाली लाकडाचे चार तुकडे सरकवलेस आणि म्हणालीस, चला, पुढचा विषय. मी तेव्हा हसलो नाही. घरी येऊन वहिनीला सांगताना मात्र हसलो, आणि मला तुझा फार अभिमान वाटला. तो मी तुला कळू दिला नाही.

कोंबडीची पिल्लं नेणारा तो चष्मेवाला ड्रायव्हर तुला माहीत आहे. एका दिवसाची पिल्लं, खोक्यांत भरलेली. उन्हात रांग लागली की तो खोक्यांवर ओली पोती टाकत या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायचा आणि मला हात जोडायचा. मी नियम दाखवायचो. गेल्या आठवड्यात शिक्का घेताना तो खिडकीशी थांबला. म्हणाला, “साहेब, पूर्वी पोचलो की आधी मेलेली मोजायचो. आता खोकी उतरवतो आणि घरी जातो.” हे कुणी केलं ते त्याला माहीत आहे. ‘त्या बाईंना सांगा’ असं दोनदा म्हणाला. मी सांगतो म्हणालो, म्हणून सांगतोय.

वहिनी आत्ता चहा ठेवून गेली आणि विचारून गेली की एवढं काय लिहिताय. नाक्याचं कौतुक लिहितोय म्हणालो. खोटं नव्हतं, पण पूर्णही नव्हतं.

आता तीन वर्षांपूर्वीचा तो चाचणीचा दिवस.

वीस ट्रक दोन्ही काट्यांवर चढवायचे, आणि वजनात पन्नास किलोहून जास्त फरक आला तर एकत्र नाक्याची योजना थांबवायची, असं ठरलं होतं. ती अट माझीच. तुला ठाऊक आहे की आमच्या नाक्यावर सावली फक्त काट्याच्या छपराखाली असते. म्हणून आम्ही सगळे आपापल्या गाड्या काट्याच्या पाटावरच लावायचो; सकाळी काटा शून्यावर आणायच्या आधी काढायचो, रांग संपली की पुन्हा लावायचो. वर्षानुवर्षं तसं चालत आलेलं. त्या दिवशी घाईत मी आधी शून्याचं बटण दाबलं. माझी स्कूटर पाटावरच उभी होती. तेवढ्यात वळणावर साहेब लोकांच्या गाड्या दिसल्या. स्कूटर तिथे बरी दिसणार नाही म्हणून मी ती काढून शेडमागे नेली आणि परत येऊन पहिला ट्रक चढवला. स्कूटरसकट जे वजन होतं त्याला काट्याने शून्य मानलं होतं. त्यामुळे नंतरचा प्रत्येक ट्रक त्या स्कूटरएवढा हलका भरला.

दिवसभर ट्रकामागे ट्रक होता, पाट रिकामा असा दिसलाच नाही. चार वाजता विसावा ट्रक उतरला आणि मी आकड्यांकडे पाहिलं. रिकाम्या काट्यावर उणे एकशे दहा. मला एका क्षणात सगळं कळलं. खोलीत मी एकटा होतो. मी शून्याचं बटण दाबलं आणि ते उणे एकशे दहा पुसून टाकलं.

पाच वाजता बैठक झाली. तू वीसही ट्रकांचे आकडे समोर ठेवलेस आणि मला सगळ्यांदेखत, पहिल्यांदाच, साहेब न म्हणता विचारलंस, “दादा, प्रत्येक ट्रकमध्ये अगदी तेवढाच फरक कसा येईल?”

मी म्हणालो, “काटा तुमचा नवा आहे, मॅडम. माझा सतरा वर्षांत चुकलेला नाही.”

तू माझ्याकडे पाहिलंस आणि कागद गोळा करून खाली बसलीस. दुसऱ्या दिवशी प्रमाणित वजनं आणून दोन्ही काटे तपासले, दोन्ही बरोबर निघाले. पण कुणावर तरी खापर फुटायलाच हवं होतं, आणि नवा काटा तू निवडलेला होता. योजना थांबली, तुला कोपऱ्यातल्या टेबलावर बसवलं आणि ती नोंद फायलीत गेली. मी गप्प राहिलो. निलंबनाची भीती होती, पण ती दुय्यम. खरं सांगायचं तर वीस माणसांसमोर धाकट्या बहिणीपुढे चुकलो म्हणायची माझी तयारी नव्हती. मी लाजेने नाही, ताठ्याने गप्प बसलो.

तुला मात्र कोपरा पुरला. तिथून तू पत्रं लिहीत राहिलीस, दोन्हीकडचे नियम एकमेकांशेजारी ठेवून जुळवत राहिलीस, आणि तुझ्या जागी आलेल्या साहेबांनी योजना पुन्हा वर काढली तेव्हा सगळं तयार होतं. ते स्वतःच सांगतात, मी फक्त सह्या केल्या. कामकाजाची पुस्तिकाही तूच लिहिलीस. ती जूनमध्ये माझ्याकडे आली. ‘वाचले, समजले’ वर सही करून मी ती खणात टाकली. माझ्याच बहिणीने लिहिलेलं मी काय वाचायचं, असा माझा तोरा. काटा आता तरुण मंडळी सांभाळतात, माझ्याकडे कागद.

परवा पदभार सोपवायचा म्हणून खण रिकामा केला आणि ती पहिल्यांदा उघडली. नियम पहिला: ‘काटा शून्यावर आणण्यापूर्वी दोन्ही राज्यांच्या कर्मचाऱ्यांनी एकत्र पाटाभोवती फिरून त्यावर काहीही उभे नाही याची खात्री करावी. कोणतेही वाहन, दुचाकीसुद्धा.’

चाचणीच्या सकाळी मी स्कूटर ढकलत शेडमागे नेत होतो तेव्हा तू तुमच्या बाजूने हात केला होतास. साहेबांच्या नादात मी उलट हात केला नव्हता. तू पाहिलं होतंस. बैठकीतल्या त्या प्रश्नाचं उत्तर तुला माहीत होतं, आणि तू ते मी सांगावं म्हणून विचारलं होतंस. मी नाही सांगितलं, तर तूही नाही सांगितलंस. नोंद स्वतःच्या अंगावर घेतलीस, माझी नोकरी राहू दिलीस, आणि तीच चूक पुन्हा कुणाच्या हातून होऊ नये एवढी काळजी मात्र घेतलीस, माझं नाव न घेता. एवढं मन कुठून आणलंस ग? एकाच घरात वाढलो आपण.

काल सकाळी मी दोन्ही राज्यांच्या संयुक्त समितीच्या कार्यालयात गेलो आणि लेखी जबाब दिला. स्कूटर, बटण, उणे एकशे दहा, बैठकीतलं माझं वाक्य, सगळं. सचिवबाईंनी दोनदा वाचलं आणि निवृत्तीला तीन आठवडे असताना हे का, असं विचारलं. मी म्हणालो, वीस तारीख त्याच्याआधी येते. त्यांनी पोच दिली, तिची प्रत सोबत जोडलीय. ती नोंद रद्द करण्याचा विषय सोमवारच्या बैठकीत आहे. माझी चौकशी होईल. निरोप समारंभ पुढे ढकललाय. तुझ्या वहिनीला अजून कारण सांगितलेलं नाही, हे पत्र पाकिटात घातलं की सांगणार आहे. आईलाही मीच सांगेन.

समितीकडून तुला विचारणा येईल. तू काय करशील ते मला आत्ताच दिसतंय. दादाचं वय झालंय, त्याच्या लक्षात नीट नाही, उन्हाचा दिवस होता, असलं काहीतरी सभ्य उत्तर लिहून देशील. ते लिहू नकोस. तू पाहिलंस ते जसंच्या तसं सांग. एकदा मला वाचवलंस, त्यात तुझी तीन वर्षं गेली. आता पुन्हा वाचवू नकोस.

तुझ्याहून फक्त वयाने मोठा,
दादा