पूल बंद केला त्या हिवाळ्यात

माय, काल त्या पोरीचा फोन आला. तू तिला पाहिलं नाहीस. तू गेल्यावर जो हिवाळा आला, त्यात ती मला भेटली. आता तिला मुलगा आहे. मोडक्यातोडक्या हिंदीत ती तक्रार करत होती, की तो भाताला तोंडच लावत नाही, ताट पाहिलं की पळतो. मी इतकी हसले की घरातले बाहेर येऊन बघायला लागले. फोन ठेवला आणि तुझ्याशी बोलावंसं वाटलं.

तू मेडशीच्या शाळेत खिचडी शिजवायचीस. एकदा आमच्या वर्गातल्या पोरांनी खिडकीची काच फोडली आणि सरांनी सांगून टाकलं, आज या वर्गाला खिचडी नाही. आम्ही भिंतीला पाठ लावून उभे. तू पत्र्याच्या शेडमधून पदराला हात पुसत आलीस. "सर, शिक्षा द्या ना, पण लेकराईचं ताट काहून हिसकता?" सर बाजूला झाले आणि तू वाढायला बसलीस. सगळी पोरं माझ्याकडे बघत होती, मला मात्र जमिनीत शिरावंसं वाटत होतं.

पुढे मी निमलष्करी दलात लागले. देशाच्या पूर्व टोकाला, नदीकाठच्या चौकीवर. नदीच्या पलीकडे दुसरा देश. बंडखोर होते आमच्या बाजूच्या डोंगरात, पण त्यांचा तांदूळ, औषधं, काडतुसं पलीकडून यायची. गावातल्या बायका पाठीवरच्या टोपल्यांतून ते सगळं बांबूच्या पुलावरून आणायच्या. बायकांची झडती घ्यायला बाई लागते, म्हणून मी. एका टोपलीत तांदळाखाली माझ्या हाताला काडतुसं लागली. त्याच सुमारास आमच्या गाडीवर गोळीबार झाला आणि माझ्या शेजारच्या खाटेवरची मुलगी परत आली नाही. मग पूल बंद करायचा हुकूम आला. काठावरच्या गावांना आम्ही ट्रकने रेशन पोचवू लागलो, डोंगरात मात्र काही जाऊ द्यायचं नाही. मला तो हुकूम पटला होता. आजही पटतो.

तेव्हाच तू फोनवर विचारलंस, "काय काम करून राह्यली तू तिकडं?"

मी सांगितलं. "जंगलातल्या लोकाईले पलीकडून जे जाते ते आमी बंद केलं, माय."

"मंग ते खातीन काय?"

"तेच तं. खायले नाही भेटलं की खाली येतीन."

 तू म्हणालीस, "उपाशी मारते काय तू त्याईले? खिचडीवालीची पोरगी हायेस तू!"

मी फोन ठेवून दिला. नंतर आपण बोललो, पण पिकापाण्याचं, भावाच्या लग्नाचं. त्या प्रश्नाला मी हात लावला नाही, आणि थंडी पडायच्या आत तू गेलीस.

तुझं सगळं आटोपून मी चौकीवर परतले. रोज सकाळी डोंगराकडे बघायचे. आधी दोन-तीन ठिकाणांहून धूर निघायचा, मग एकाच ठिकाणाहून, मग तोही बंद. माझ्या सोबतिणी खूश होत्या. मी मात्र ताटात भात कमी घ्यायला लागले. आणि एका सकाळी ती झाडीतून बाहेर आली. हात वर, अंगात कोणाचा तरी ढगळ कोट. झडती घ्यायला मीच पुढे झाले. कोटाखाली माझ्या बोटांना तिच्या फासळ्या लागल्या. शस्त्र नव्हतं. तिने फक्त एवढंच विचारलं, "खाना है?"

मी तिला पायरीवर बसवलं आणि माझं ताट तिच्या पुढ्यात ठेवलं. वरण-भात. ती खाते आहे, मी वाढते आहे, साहेब लांब उभे राहून नुसते बघताहेत. पोट भरल्यावर तिने डोंगराकडे बोट केलं. "उधर और हैं. डर रहे हैं." साहेबांनी तिच्याबरोबर गावातली दोन माणसं वर पाठवली. उन्हं कलायच्या आत सगळे खाली आले, दोघांना तर झोळीतून आणावं लागलं. पण जिवंत होते माय, सगळे. एक गोळी सुटली नाही. पिशव्यांत तांदळाचा दाणा नव्हता आणि काडतुसं थोडीच उरली होती. आम्ही आणखी भात टाकला.

हे कुठे पाठवायचं नाही, घडी करून कपाटात ठेवीन. पण एक सांगते. तुझ्या त्या प्रश्नाचा मला फार राग आला होता. तुला पोचवून आले तरी तो गेला नव्हता. ती पोरगी माझ्या ताटातलं पोटभर जेवून हात धुवायला उठली, तेव्हा तो राग गेला.