भिंतीवरचे डावखुरे देव

३ मार्च
झालं एकदाचं! रविवारी जुन्या चित्रांचा दुकानदार येणार. बाहेरच्या खोलीतली चित्रं जातील आणि परत राहायला येणाऱ्या लेकीचं कपाट तिथे मावेल. हे गप्प. त्यांचं गप्प बसणं म्हणजे नकार. मी होकार धरला.

५ मार्च
सगळ्या चौकटी उतरवून पुसल्या. कुठल्याशा राजवाड्याच्या छतावर एकाने ग्रीक-रोमन देव रंगवले, दुसऱ्याने ते तांब्याच्या पत्र्यावर कोरले, तिसऱ्याने कागदावर छापले — आणि शेकडो वर्षांनी धूळ झाडायला मी! देव कसले, जेवण अंगावर आलेले पहिलवान. ढगांवर लोळताहेत. एकाच्याही अंगावर धड कपडा नाही. त्यात ह्यांचं ठरलेलं व्याख्यान — पत्र्यावर चित्र सुलटं कोरलं की कागदावर उलटं उमटतं, म्हणून हे देव डावखुरे. लग्न झाल्यापासून ऐकतेय.

परत टांगताना क्रम चुकला असेल. कोण बघतंय!

८ मार्च, रविवार
दुकानदार आला. ह्यांनी त्याला कोपऱ्यातल्या चित्रापुढे उभं केलं आणि सुरू झाले — कोसळणारा डोंगर, खाली चिरडलेले राक्षस, वर डाव्या हातात वीज धरलेला देव. त्या चौकटीत एक बाई झोपलेली होती. पायाशी हंस. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. "वा, काका," एवढंच म्हणाला, आणि मग कळवा म्हणून निघाला.

जन्मभर नुसती पोपटपंची! समोर काय आहे ते बघायचीसुद्धा तसदी नाही. हसू आवरेना मेलं.

९ मार्च
सकाळी वर्तमानपत्र पुढे केलं, मथळा वाचा म्हटलं. म्हणाले, चष्मा सापडत नाहीये.

चष्मा नाकावर होता.

मग भिंतीला बोटं लावत स्वयंपाकघरात आले. भिंतीला डाग पडतात म्हणून मी रोज ओरडत होते.

कधीपासून, विचारलं. थंडीपासून, म्हणाले. डॉक्टरांकडे एकटेच जाऊन आले होते. उपाय नाही, तेही सांगून टाकलं. मग मला का नाही सांगितलंत?

"सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, आता कशाला हवीत चित्रं."

म्हणाले असते.

११ मार्च
लेकीचं कपाट आमच्या झोपायच्या खोलीत घेणार. दुकानदाराला नको म्हणून कळवलं. ह्यांना सांगितलं — भाव फार पाडून मागतोय, मेला.