लाल पट्टीचे मोजे

रॅपिडॅन नदीकाठ, व्हर्जिनिया
१२ मे १८६३

चि. मिंडीस लिअँडरदादाचे अनेक आशीर्वाद.

पलटणीतून आलेलं पत्र म्हणजे साऱ्या खोऱ्याची मालमत्ता, ते गिरणीवर मोठ्यानं वाचलं जाणार, हे मला ठाऊक आहे. पण गिरणीवाल्या काकांना हात जोडून सांगतो, इथं थांबा आणि हा कागद माझ्या बहिणीच्या हातात द्या.

मिंडे, तुझा हायरम गेला. तीन तारखेला रानात लढाई झाली, तोफांनी पाचोळा पेटला आणि जखमी होऊन पडलेल्यांना उठता आलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही आपली माणसं शोधत हिंडलो. चेहऱ्यावरून कोणी ओळखू येत नव्हतं. एकाचे बूट तेवढे जाड होते, म्हणून आतले मोजे शाबूत राहिले. अक्रोडाच्या सालीचा तपकिरी रंग, टाच दुहेरी विणलेली, वर लाल पट्टी. तुझ्या हातची वीण मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार? ओकच्या झाडाखाली पुरला आणि फळीवर त्याचं नाव चाकूनं कोरलं. माझा मेहुणा होताच, पण त्याहून मोठा मित्र होता.

खोऱ्यातून चौऱ्याण्णव जण निघालो होतो, आज हजेरीला एकतीस उभे राहतो. ओबेड क्राउझ मात्र मेलेल्यांत नाही आणि जखमींतही नाही. हिवाळाभर आईच्या मक्याची काळजी करत कुरकुरायचा, संधी मिळाली आणि पळाला. हजेरीच्या वहीत तशी नोंद झाली आहे. हायरमच्या शेजारीच उभा होता लेकाचा. मॅहेलामावशीनं आपल्या दोघांची नाळ कापली, तिच्या पोटी हे निपजावं!

पाद्रीबाबा घोड्यावरून फेरीला येतील तेव्हा हायरमचं अंत्यप्रवचन करवून घे. जिवाला जप.

तुझा कमनशिबी दादा,
लिअँडर


पाइनी खोरे, उत्तर कॅरोलायना
२६ जून १८६३

ती. दादास मिंडीचा सा. न. वि. वि.

काका थांबले नाहीत. वाचायच्या ओघात त्यांना कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा अख्खी गिरणी ऐकून बसली होती. बायकांनी मला धरून घरी आणलं. वाचल्याबद्दल काकांवर राग नाही, आपल्याकडे पत्रं अशीच ऐकतात.

पण दादा, तू लिहिलेलं ओबेडचं प्रकरणही सगळ्यांनी ऐकलं. तेव्हापासून मॅहेलामावशीकडे कोणी फिरकत नाही. अडलेल्या बाईला मात्र तीच लागते, तेव्हा मागच्या दारानं बोलावतात. पळपुट्यांना धरणारे शिपाई तिच्या ओसरीवर ठाण मांडून बसले आणि तिच्या कोंबड्या खाऊन गेले. ती सगळ्यांना एकच सांगते, माझा ओबेड हट्टी आहे, आळशी आहे, पण पळणारा नाही. लोक तोंडावर हसतात. मीसुद्धा परवा झऱ्यावर तिला पाहून तोंड फिरवलं.

मला घरात चैन पडत नाही. विणायला बसते आणि वीण उसवते. प्रवचन सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी ठरलं आहे. तू स्वतःला सांभाळ, मला आता दुसरं कोणी नाही.

तुझी,
मिंडी


पाइनी खोरे
१९ ऑगस्ट १८६३

ती. दादास सा. न.

पलटणीला जाणाऱ्या कपड्यांच्या पेटीतून मोजे पाठवते आहे. हा कागद डाव्या मोज्याच्या दुहेरी टाचेत शिवला आहे. एकट्यानं वाच आणि जाळ.

हायरम जिवंत आहे. जुलैच्या शेवटी दुपारी मी घेवडा तोडत होते, तर कुंपणापाशी हाडांचा सापळा उभा. मी किंचाळायच्या आधी त्यानं माझं तोंड दाबलं. जळत्या रानातून जो निघाला तो डोंगर लागेपर्यंत थांबलाच नाही. म्हणतो, ज्याच्याकडे वीस गुलाम त्याला घरी बसायची मुभा, आणि त्याचे गुलाम राखायला आम्ही भाजून मरायचं? आता तो वर कड्याखाली, लॉरेलच्या जाळीत राहतो. पळपुट्यांना हुडकणारे नवे होमगार्ड आले आहेत. गेल्या आठवड्यात पलीकडच्या खोऱ्यात त्यांनी दोघांना पकडलं आणि जागच्या जागी गोळ्या घातल्या.

आता खरं दुखणं सांगते. मोजे त्यानं लढाईच्या आदल्या दिवशी ओबेडला दिले होते. ओबेडला लुटीतले बूट मिळाले होते, ते चावून त्याच्या टाचा सोलून निघाल्या होत्या. म्हणजे तू ओकखाली पुरलास तो ओबेड. तो पळालाच नव्हता रे!

मावशीला सांगितलं तर ती लेकावरचा डाग पुसायला गिरणीवर धावेल. मी आई असते तर मीही धावले असते. मग लोक विचारणार, हे कळलं कोणाकडून? हायरम म्हणतो, मीच उतरतो आणि तिच्या पाया पडतो. मी त्याला शपथ घातली आहे. पुढच्या महिन्यात जिवंत नवऱ्याच्या प्रवचनाला मी काळे कपडे घालून बसणार. मी काय करू ते कळव. नाही, कळवणार तरी कसं, तुझं पत्र तर सगळे ऐकणार. निदान मला शिव्या देऊ नकोस.

तुझीच,
मिंडी


ऑरेंज गावाजवळची छावणी
१४ सप्टेंबर १८६३

चि. मिंडीस अ. आ.

मोजे पावले. डाव्यात काहीतरी टोचत होतं, ते काढून शेकोटीत टाकलं. आता दोन्ही पाय ठीक आहेत.

इकडे मक्याचं जाडंभरडं पीठ आणि खवट डुकराचं मांस. काल बसल्या बसल्या आपली लाल गाय आठवली. आठवते का? व्याली आणि वासरू लॉरेलच्या जाळीत लपवून ठेवलं. आपण मागावर गेलो की मुद्दाम उलट्या दिशेला जाऊन चरायची. मी तिला दगड मारले होते. आता वाटतं, तिचं काही चुकलं नाही. जाळीत काय होतं ते मी बाबांना सांगितलं नव्हतं, आणि आता तर कोणालाच सांगणार नाही. तरी खरं सांगू का, त्या वासराचा हेवा वाटतो. ते सावलीत निवांत आणि इथं आम्ही उन्हात, हा विचार येतो तेव्हा दगड उचलावासा वाटतोच.

पण शेजारची गायही आठव. तिचं वासरू ओढ्यात पडून मेलं होतं, आपण पाहिलं होतं आणि भीतीनं गप्प बसलो होतो. ती चार दिवस कुंपणापाशी हंबरत राहिली. आईला कळलं तेव्हा तिनं फोकानं सोलून काढलं. फोकाचे वळ गेले, हंबरणं अजून कानात आहे. एवढंच मनात आलं, ते लिहिलं.

लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा


पाइनी खोरे
११ ऑक्टोबर १८६३

ती. दादास सा. न.

हा कागद वाळवलेल्या सफरचंदांच्या पिशवीच्या तळाशी आहे.

प्रवचन झालं. पाद्रीबाबांनी हायरमला इतकं चांगलं ठरवलं की मलाच ओळखू येईना. मी पहिल्या बाकावर होते. मावशीला कोणी बोलावलं नव्हतं, तरी ती आली आणि शेवटच्या बाकावर बसली. तिच्या शेजारच्या बायका उठून दुसरीकडे गेल्या. सगळ्यांत मोठ्यानं तीच रडली. दादा, ते तिच्याच लेकाचं प्रवचन होतं आणि तिला ते माहीत नव्हतं! शेवटी माझ्याजवळ येऊन म्हणाली की ओबेड हायरमच्या बाजूला उभा होता असं पत्रात होतं. माझ्या लेकानं तुझ्या माणसाला एकटं टाकलं असेल तर त्याच्या वतीनं मी माफी मागते. मी नुसती मान हलवली. तुझी शेजारची गाय त्या क्षणी माझ्या उरावर उभी होती.

आणखी एक सांगायचं आहे. मला दिवस गेले आहेत. नाताळनंतर लपणार नाही. आपली रीत तुला ठाऊक आहे. विधवेच्या पोटी मूल आलं की सुईण ऐन कळांमध्ये बापाचं नाव विचारते. त्या वेळी बाईच्या तोंडून खोटं निघत नाही असं खोरं मानतं, आणि सुईणीला ते नाव गिरणीवर सांगावं लागतं. सुईण कोण, ते तुला सांगायला नको.

तुझी,
मिंडी


छावणी
२० फेब्रुवारी १८६४

चि. मिंडीस आशीर्वाद.

रजेवर निघालेल्या एकाच्या हाती सफरचंदांची रिकामी पिशवी परत पाठवतो आहे, हा कागद तिच्या शिवणीत आहे, एकटीनं वाच आणि जाळ. गावाकडून कोणाच्या बायकोचं पत्र आलं, ते शेकोटीशी वाचलं गेलं. तुझ्या काळ्या कपड्यांना नऊ महिनेही झाले नाहीत आणि पोट दिसतंय, असं त्यात होतं. एक जण मला म्हणाला की तुझ्या बहिणीनं शोक लवकर उरकला. मी त्याचा दात पाडला, आणि त्याबद्दल आठवडाभर ओंडका खांद्यावर घेऊन फिरलो. तोंड उघडलं असतं तर एका शब्दात त्याला गप्प करता आलं असतं, पण उघडलं नाही. उगाच मला थोर समजू नकोस, सगळा आठवडा तुम्हा नवराबायकोवर दात खात होतो.

आम्ही आता तेवीस उरलो. उन्हाळ्यात काय होईल ते दिसतंच आहे. माझ्या कोटाच्या आत मी माझं नाव शिवून ठेवलं आहे, मोज्यांवर भरवसा राहिला नाही. खात जा, जपत जा.

तुझा रागीट पण तुझाच,
दादा


पाइनी खोरे
२९ एप्रिल १८६४

ती. दादास सा. न. वि. वि.

मोजे पाठवते. हा कागद नेहमीच्याच जागी शिवला आहे.

मुलगी झाली. बाळ आणि मी सुखरूप आहोत. कळा सुरू झाल्या तेव्हा एकही बाई उंबऱ्यात आली नाही, मावशी तेवढी न बोलावता आली. पाणी तापवलं, पाठ चोळली, आणि अगदी शेवटी, मी जिवाच्या आकांतानं ओरडत असताना, तिनं रीतीप्रमाणे नाव विचारलं. मी काय काय ठरवून ठेवलं होतं! तोंडातून निघालं, हायरम.

तिला वाटलं मी भ्रमात आहे. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. मग तिचे हात थांबले. ती बोटांवर महिने मोजत होती, ते मी पाहिलं. मूल बाहेर आलं, तिनं नाळ कापली, न्हाऊ घातलं, गुंडाळून माझ्या कुशीत दिलं, आणि मग अगदी हळू विचारलं की मग त्या मोज्यांत कोण होतं.

मी सांगितलं. सगळं सांगितलं. दादा, मला वाटलं ती मला मारेल, आणि तिनं मारावं असंही वाटलं. ती खाली जमिनीवरच बसली. तिनं एवढंच विचारलं, टाचा दुहेरी विणल्या होत्यास ना? मी हो म्हटलं. मग म्हणाली की लहानपणापासून त्याच्या टाचा फार हुळहुळ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी गिरणीवर तिला नाव विचारलं. होमगार्डांचा नाईकही तिथं होता. काकांची सून मला सांगत आली. मावशी ताठ उभी राहिली आणि म्हणाली, बाप माझा ओबेड आहे. पळून आलाय, माझ्या डोंगरावर लपलाय, हिंमत असेल तर शोधा. लोक तिच्या अंगावर थुंकले. तेव्हापासून होमगार्ड रोज तिचा डोंगर पालथा घालायला जातात आणि आमच्या कड्याकडे कोणी फिरकत नाही.

तुझी लाल गाय मला आता कळली. पण ती स्वतःच्या वासरासाठी उलटी जात होती रे. हिचं तर मेलेलं आहे.

मावशी संध्याकाळी येते, बाळाला मांडीवर घेते आणि मला घरची कामं करायला पाठवते. मी पाया पडायला वाकले तर म्हणाली, नाटकं पुरे, दूध उतू जातंय.

तू परत ये. मला हे एकटीला पेलत नाही.

तुझी,
मिंडी


व्हर्जिनिया, ओकच्या झाडाजवळून
६ मे १८६५

चि. मिंडीस, चि. हायरमास आणि न पाहिलेल्या भाचीस अनेक आशीर्वाद.

हे पत्र आपल्या खोऱ्याकडे चालत निघालेल्या एकाच्या हाती देतो आहे. शस्त्रं खाली ठेवली तेव्हा पलटणीत आपल्या खोऱ्यातले आम्ही सात होतो. सहा जण नैर्ऋत्येला घरी गेले, मी उलटा ईशान्येला निघालो. मला एक काम होतं. पायात तुझे मोजे होते, त्यांचीही आता टाच गेली आहे.

हे पत्र गिरणीवर वाचलं जावं अशी माझी इच्छा आहे. काका, मागच्या वेळी थांबा म्हटलं तर थांबला नाहीत. या वेळी थांबू नका, शेवटपर्यंत वाचा, आणि मोठ्यानं वाचा.

पळाला तो माझा मेहुणा. हे मला पावणेदोन वर्षं ठाऊक होतं आणि मी गप्प होतो. आता कोणाला काय म्हणायचं ते मला म्हणा. हायरमा, दिवसाढवळ्या खाली ये, आणि भूत समजून कोणी पळालं तर हसू नकोस. ओबेड क्राउझ ३ मे १८६३ रोजी आपल्या जागेवर उभा राहून मेला. ओबेड पळाला हा शब्द खोऱ्यात पहिल्यांदा माझ्याच पत्रातून आला, तो मी परत घेतो. फळीवरचं हायरमचं नाव खरवडून काढलं आहे आणि सळई तापवून ओबेडचं नाव खोल डागलं आहे.

मिंडे, पाद्रीबाबा उन्हाळ्यात येतीलच. मी तोवर पोचतो. ओबेडचं अंत्यप्रवचन करवून घे, आणि मॅहेलामावशीला पहिल्या बाकावर बसव. बाळ तिच्या मांडीवर असू दे. आपण दोघं शेवटच्या बाकावर बसू.

तुझा,
दादा